कंपन्या सरकारांपेक्षा मोठ्या झाल्यात, हे खरं का? मामांच्या कापसावरून पडलेला प्रश्न

वणीकरीण

नमस्कार मंडळी. मी मूळची वणी तालुक्यातली, सध्या पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतेय. मागच्या महिन्यात अभ्यासिकेत निबंधाचा विषय निघाला: महाकाय कंपन्या आणि सरकारं, यांत बलवान कोण? एकानं सांगितलं की अमुक कंपनीची किंमत कित्येक देशांच्या जीडीपीपेक्षा जास्त आहे, सरकारं आता नावापुरती उरलीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, पण पटलं नव्हतं.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा मामांना विचारलं. त्यांची नऊ एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आहे. ते म्हणाले, "आमच्या बापाले सरकारनं बांधून ठेवलं होतं, अन् आमाले बियाण्याच्या कंपनीनं. आता तूच सांग मोठं कोण." यंदा त्यांचा निम्मा कापूस व्यापाऱ्याला गेला. उरलेल्यासाठी ॲपवर नाव नोंदवून ते सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर नंबर लागायची वाट बघताहेत, कारण लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० आहे आणि व्यापारी त्याच्या बराच खाली मागतो.

कंपनीचं मोठेपण सरकारशी ताडून बघायचं तर कशानं? आणि शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर सरकारचा एकाधिकार आणि कंपनीचा एकाधिकार यांत फरक काय पडतो? कापसातलं ज्यांना आतून माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

खडू_फळा

महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून पहिल्या भागापुरतं लिहितो.

कंपनीचं बाजारमूल्य म्हणजे तिचे सगळे शेअर आजच्या भावानं घ्यायचे तर लागणारा पैसा. जीडीपी म्हणजे देशात एका वर्षात नव्यानं तयार झालेलं मूल्य. एक शेताची किंमत आहे, दुसरं वर्षाचं पीक. माझ्या शेताची किंमत शेजाऱ्याच्या वर्षाच्या पिकापेक्षा जास्त भरली, एवढ्यावरून मी त्याच्यापेक्षा मोठा शेतकरी ठरत नाही.

विक्रीशी तुलना केली तरी गफलत होतेच. जानेवारी २०२४ ला संपलेल्या वर्षात वॉलमार्टची उलाढाल सुमारे ६४८ अब्ज डॉलर होती, तेव्हाच्या दरानं जवळपास ५४ लाख कोटी रुपये. महाराष्ट्राचं २०२३-२४ चं स्थूल राज्य उत्पन्न सुमारे ४० लाख कोटी. वरवर पाहता कंपनी राज्यापेक्षा मोठी दिसते. पण वॉलमार्टच्या शंभर रुपयांतले पंचाहत्तरच्या आसपास नुसता माल विकत घेण्यात जातात. ते मूल्य दुसऱ्या कुणीतरी तयार केलेलं असतं. ते वजा केलं की राज्य कंपनीच्या साधारण तिप्पट भरतं.

शिवाय सरकार कर लावतं आणि न भरल्यास जप्ती आणतं. कंपनीला ते करता येत नाही. ज्या एका कंपनीला आपल्याकडे करता आलं तिला मुंबई बेट १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्यानं मिळालं होतं, १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाली आणि १८१८ मध्ये पेशवाई गेली. ईस्ट इंडिया कंपनी कंपनीही होती आणि सरकारही. आजच्या कंपन्यांची ताकद त्या जातीची नाही. ती कुठून येते हे कापूसवाल्यांनीच सांगावं.

बियाणेवाला_पांढरकवडा

ताई, मामा जे म्हणाले ते मी दोन्ही अंगांनी पाहिलंय. पांढरकवड्याजवळ माझं कृषी केंद्र आहे, २००२ पासून काउंटरवर मीच उभा असतो. त्याआधी बाबांबरोबर बंडीवर असायचो. जरा लांबेल, पण सगळंच सांगतो.

आधी सरकारचं. महाराष्ट्रात १९७१ साली कायदा झाला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली. राज्यात पिकलेला सगळा कापूस सरकारी यंत्रणेलाच द्यायचा. खाजगी व्यापाऱ्याला विकला तर गुन्हा, राज्याच्या हद्दीबाहेर नेला तर गुन्हा. हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणतो. त्याआधी दिवाळीच्या तोंडावर शेतकऱ्याला पैशाची निकड लागली की व्यापारी नेमका तेव्हाच भाव पाडायचा, काट्यात मारायचा तो वेगळाच. योजनेत हमीदर आधी ठरलेला, आणि रुई-सरकी विकून वर नफा उरला तर त्यातला मोठा वाटा शेतकऱ्याला परत. काही वर्षं तो मिळालाही. आमची विहीर त्या पैशांतून बांधली, असं आजी सांगायची.

मग बिघडलं कुठं? घेणारा एकच उरला की त्याला कसलीच घाई राहत नाही. केंद्राबाहेर बंड्यांची रांग, दोन-दोन रात्री तिथंच मुक्काम, बैलांचा कडबा घरून न्यायचा. ग्रेडर मूठभर कापूस उचलायचा, धागा बोटांत धरून ओढायचा आणि प्रत सांगायचा. एका केंद्रावर बाबांनी विचारलं, साहेब, कालच्या बंडीला वरची प्रत दिली, शेत तेच, वेचणी तीच, आज खालची कशी? तो म्हणाला, पटत नसेल तर घेऊन जा. घेऊन जायचा कुठं? राज्यात दुसरा गिऱ्हाईकच नव्हता. पैसे हप्त्याहप्त्यानं यायचे, आणि त्यातून भांडवल निर्मिती निधी म्हणून तीन टक्के आधीच कापलेले असायचे.

१९९४-९५ च्या हंगामात मी दहावीला होतो. बाहेर कापसाला भाव चढला होता. पैनगंगेच्या पल्याड आदिलाबादला, म्हणजे तेव्हाच्या आंध्रात, क्विंटलमागे चांगले तीन-चारशे रुपये जास्त पडत होते. जानेवारीत नदीला गुडघाभर पाणी. एका रात्री बाबांनी बैलांच्या गळ्यातल्या घंट्या काढल्या, घरातल्या खुंटीला अडकवल्या आणि चाकांच्या धावांना बारदाना गुंडाळला, दगडावर आवाज होऊ नये म्हणून. सात क्विंटल कापूस होता. मी पुढं चालत होतो, कंदील विझवलेला. पात्रात मधोमध वाळूत चाक रुतलं. बाबा खांदा लावून ढकलत होते आणि तोंडातून शब्द काढत नव्हते. पलीकडे मेटॅडोर उभी होती. रोख पैसे मिळाले, बाबांनी ते शेल्यात बांधले. परत येताना नदीच्या काठावर बसून पहिल्यांदा बोलले. "माल माहा, घाम माहा, अन् चोर बी मीच?"

ते वाक्य मी विसरलो नाही. ज्यानं कायदा केला तोच गिऱ्हाईक असेल, तर त्याच्याविरुद्ध दाद मागायला तुम्ही जाणार कुणाकडं? शेतकरी संघटना झोनबंदी, म्हणजे राज्याबाहेर कापूस न्यायची बंदी, उठवा म्हणून वर्षानुवर्षं भांडत होती ती याचसाठी. शेवटी २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली, तोवर योजनेचा तोटा डोंगराएवढा झाला होता.

पण हेही लिहून ठेवतो. त्यानंतर पणन महासंघाची आणि सीसीआयची खरेदी बंद झाली नाही, हमीभावानं सुरू राहिली. (शहरातल्या मंडळींसाठी: आमच्याकडं सीसीआय म्हटलं की भारतीय कापूस महामंडळ. स्पर्धा आयोगाचंही तेच लघुनाव आहे, गोंधळू नका.) टाळेबंदीच्या वर्षी, २०२० च्या उन्हाळ्यात, व्यापारी बाजारातून गायब झाला तेव्हा हीच केंद्रं होती म्हणून घराघरांत पडून राहिलेला कापूस उचलला गेला. यंदा मामाही तेच करताहेत. तेच सरकार, तीच रांग. पण मामांनी निम्मा माल व्यापाऱ्याला दिला आणि निम्मा केंद्रासाठी राखला. ते ठरवणं माझ्या बाबांच्या हातात नव्हतं.

आता कंपनीचं. मार्च २००२ मध्ये केंद्रानं बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी दिली. म्हणजे विक्रीचं दार मोकळं झालं त्याच वर्षी बियाण्याचं दार एकाच्या हाती गेलं. हे मला फार उशिरा उमगलं. जनुक अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचं, आणि ते भारतात वापरायला द्यायचा हक्क जालन्याची महिको आणि मोन्सॅन्टो यांच्या भागीदारीतल्या कंपनीकडं. सुरुवातीला तीनच वाण होते: मेक-१२, मेक-१६२, मेक-१८४. साधं संकरित बियाणं चारशे-साडेचारशेला मिळायचं, बीटीचं साडेचारशे ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या घरात. पुढं कळलं की त्या किमतीत साडेबाराशेच्या आसपास नुसती ट्रेट फी, म्हणजे जनुक वापरायचं शुल्क, होती.

बीटी चाललं, यात शंका नको. हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या खरंच कमी झाल्या, आणि लोकांनी आपल्या खुशीनं घेतलं. बघता बघता देशातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त कापसात हेच जनुक आलं. चाळीसहून जास्त बियाणे कंपन्यांनी परवाना घेतला.

माझ्या दुकानात या, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या तोंडावर. मांडणीवर तीस-पस्तीस प्रकारची पाकिटं असतात. कुणावर वाघ, कुणावर पैलवान, कुणावर फुटलेली पांढरीशुभ्र बोंडं. शेतकरी तासभर उभा राहतो, हे की ते, शेजाऱ्यानं कुठलं लावलं, गेल्या साली कुणाला किती क्विंटल झाला. मी पाकिटं उलटी करून दाखवतो. मागं बारीक अक्षरात सगळ्यांवर बीटी जनुकांची तीच नावं: क्राय१एसी, क्राय२एबी. वाण वेगळे, झाडाची ठेवण वेगळी, पण अळीशी लढणारा शिपाई एकच. दुकानदार म्हणून मी पस्तीस कंपन्यांचा माल विकत होतो आणि अळीपुरता एकाच कंपनीचा. याला स्पर्धा म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा.

आणि आता तुमच्या निबंधाला लागेल ते. ही जगातली एक बलाढ्य कंपनी. तिच्यापुढं उभं राहिलं एक राज्य सरकार. जानेवारी २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार एमआरटीपी, म्हणजे मक्तेदारीला आळा घालणाऱ्या, आयोगाकडं गेलं, म्हणाले ही फी मनमानी आहे. मे महिन्यात आयोगानं अंतरिम आदेश दिला की फी वाजवी करा. आंध्रानं लगेच पाकिटाचा भाव साडेसातशे बांधला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, स्थगिती मिळाली नाही. माझ्या दुकानात लोक यायचे आणि विचारायचे, आदिलाबादला साडेसातशे अन् तुझ्याकडं सोळाशे कशी? काही दिवस माझी गिऱ्हाइकं पैनगंगा ओलांडून पाकिटं आणत होती. बाबा ओट्यावर बसून बघायचे. मग महाराष्ट्रानंही भाव उतरवला, आणि २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किमतीचा आपला स्वतंत्र कायदा आला.

म्हणजे उलाढालीचे आकडे काही म्हणोत, सरकारनं मनावर घेतलं तेव्हा एका हंगामात भाव निम्म्याखाली आला. न घेतलेली चार वर्षं शेतकऱ्यानं भरली.

सरकारचा एकाधिकार आणि कंपनीचा एकाधिकार यांत फरक विचारलात. बाबांना तो कायद्यानं बांधत होता, आणि आम्हाला कळत होतं की बांधलंय. रात्री नदी ओलांडायची हिंमत केली तर सुटताही येत होतं. बियाण्यातला दिसत नाही. पस्तीस पाकिटांतून आपणच निवडतो, मग बोलणार कुणाला? आणि ओलांडायला नदीच नाही, पल्याडच्या पाकिटातही तेच जनुक.

अजून एक. खताच्या हंगामात आम्हा दुकानदारांना लिंकिंग असतं. युरियाच्या गोण्या हव्या असतील तर सोबत अमुक पेट्या सूक्ष्म अन्नद्रव्याच्या घ्याच. नाव घेत नाही. मी घेतल्या नाहीत तर माझा युरिया शेजारच्या गावात जातो. घेतल्या तर त्या मला शेतकऱ्याच्या गळ्यात मारायला लागतात. मी तसं केलंय आणि त्याची मला लाज वाटते. एकाच कंपनीचा माल तालुक्यात येतो तेव्हा मी छोटा, शेतकरी माझ्याहून छोटा.

वकील_नागपूर

वरचं वाचून राहवलं नाही. थोडी कायद्याची बाजू.

१९६९ चा एमआरटीपी कायदा आकारालाच संशयित धरायचा. वीस कोटींच्या वर मालमत्ता असलेल्या उद्योगाला विस्तार करायचा तर सरकारची परवानगी लागायची. १९८५ मध्ये ती मर्यादा शंभर कोटी झाली, १९९१ मध्ये हा भाग निघालाच. २००२ च्या स्पर्धा कायद्यानं विचार बदलला. मोठं असणं हा दोष नाही, मोठेपणाचा गैरवापर हा दोष. कलम ४. दादांनी सांगितलेलं लिंकिंग त्यात सरळ बसू शकतं: एक माल देताना दुसरा घ्यायची सक्ती. स्पर्धा आयोगाचं हे काम प्रत्यक्ष सुरू झालं मे २००९ मध्ये.

सरकारी कंपनीही यातून सुटत नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं. कोल इंडियाला २०१३ मध्ये आयोगानं १,७७३ कोटींचा दंड लावला. तो पुढे ५९१ कोटींवर आला, पण कोल इंडिया म्हणत होती की राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यानं आम्हाला मक्ता दिलाय, स्पर्धा कायदा आम्हाला लागूच नाही. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे म्हणणं फेटाळलं. बाबांच्या काळात हे असतं तर ग्रेडरच्या मनमानीविरुद्ध भांडायला निदान एक दरवाजा राहिला असता.

उलट बियाण्यात दरवाजा बंद झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये आयोगानं ट्रेट फीच्या अटींची चौकशी लावली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि जुलै २०२३ मध्ये तिथल्या खंडपीठानं निकाल दिला की पेटंटधारकानं परवान्यात अवाजवी अटी घातल्याची तक्रार पेटंट कायद्याखाली सोडवायची, स्पर्धा आयोगानं त्यात पडायचं नाही. मला हा निकाल पटत नाही. पेटंटच्या कार्यालयाचं काम शोध खरा आहे का ते बघण्याचं. पांढरकवड्याच्या बाजारात दुसरं जनुक मिळतं का, हे त्यांनी कधी बघितलेलं नाही आणि बघायची यंत्रणाही त्यांच्याकडे नाही.

अकोटचा_शेतकरी

बियाणेवाले भाऊ, तुमची नदीची गोष्ट वाचून गलबलून आलं. आमच्याकडून लोक मध्य प्रदेशात नेत होते. पण पुढच्या भागाशी मी सहमत नाही, आणि स्पष्टच लिहितो.

भाव बांधून काय मिळालं? डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं सगळ्या देशासाठी नियंत्रण आदेश काढला. मार्च २०१६ मध्ये ट्रेट फी १६३ वरून ४९ रुपयांवर आणली. सोबत तंत्रज्ञान सगळ्यांना वाटा, असा आग्रह. त्याच ऑगस्टमध्ये कंपनीनं तणनाशक सहन करणाऱ्या नव्या बीटीचा अर्ज मागं घेतला. आज २००६ नंतर मंजूर झालेलं नवं जनुक आमच्या शेतात नाही. वीस वर्षं!

निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही. म्हणून लोक चोरबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारं पण परवानगी नसलेलं बियाणं, लावतात. जून २०१९ मध्ये आमच्याच तालुक्यात अकोली जहाँगीरला शेतकऱ्यांनी ते उघड पेरलं, गुन्हे अंगावर घेतले. चोरबीटीच्या पाकिटाला बिल नाही, लॉट नंबर नाही. उगवलं नाही तर रडायचं कुणापुढं? तुमचे बाबा कापूस चोरून विकत होते, आम्ही बियाणं चोरून घेतो. दोन्ही वेळेला चोर शेतकरीच.

एकटाच माणूस दुकान लावून बसला असेल तर शेजारी दुसऱ्याला बसवा. पहिल्याचं शटर अर्धं पाडून स्पर्धा वाढते कशी?

बियाणेवाला_पांढरकवडा

भाऊ, तुमच्या शेवटच्या वाक्याशी माझं भांडण नाही. शेजारी दुसऱ्याला बसवा, हेच माझंही म्हणणं. भाव बांधणं हे दुखण्यावरचं मलम होतं, इलाज नव्हे, हे मी मान्य करतो. चोरबीटीमुळं माझ्यासारख्या बिलावर धंदा करणाऱ्याचं नुकसान होतं ते वेगळंच.

पण दुसरा बसला का नाही, तेही बघा. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, १९७६ पासून. सरकारी संशोधकांनी बिकानेरी नरमा नावाचं बीटी वाण काढलं, सरळ वाण, म्हणजे शेतकऱ्यानं घरचं बियाणं ठेवून पुढच्या वर्षी पेरायचं. २००९ मध्ये ते शेतात आलं आणि त्याच वर्षी थांबवावं लागलं, कारण त्यात मोन्सॅन्टोचं जनुक सापडलं. चौकशी समिती नेमली, अहवाल आला. दुसरं दुकान उघडलं त्याच हंगामात बंद पडलं. ते नीट उभं राहिलं असतं तर ना आयोगाकडं जायला लागलं असतं, ना भाव बांधायला.

आणि सरळ वाण ही साधी बाब नाही. जगात बहुतेक देश कापसाचं सरळ वाण लावतात. आपण संकरित लावतो, सुरतला १९७० मध्ये एच-४ निघालं तेव्हापासून. संकरिताचं बियाणं घरी ठेवून चालत नाही, दर जूनला दुकानात यावंच लागतं. जनुकाची कंपनी आपल्याकडं आली तेव्हा तिला कुलूप लावायलाही लागलं नाही, संकरितानं ते आधीच लावून ठेवलं होतं. माझा धंदा त्याच्यावरच चालतो, तरी सांगतो.

२०१७ चा दसरा होऊन गेला होता. ओळखीचे एक गिऱ्हाईक, माझ्या बाबांच्या वयाचे, दुकानात आले. खिशातून पाच-सहा बोंडं काढली आणि काउंटरवर ठेवली. बाहेरून हिरवीगार, टणक, एकालाही छिद्र दिसत नव्हतं. त्यांनी विळ्याच्या टोकानं एक चिरलं. आत सरकी पोखरलेली, कवडी झालेला पिवळा कापूस आणि मधोमध वळवळणारी गुलाबी अळी. दुसरं चिरलं, तेच. तिसरं मी त्यांना चिरू दिलं नाही. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "दुसरं कोणतं हाय का?" माझ्या मागं पस्तीस पाकिटं होती आणि दुसरं कोणतंच नव्हतं. त्या वर्षी विदर्भ-मराठवाडाभर हेच झालं.

दोष एकाचा नाही. पाकिटासोबत नॉन-बीटीची एकशेवीस ग्रॅमची पुडी यायची, बांधाच्या कडेनं लावायला, म्हणजे अळीला जनुकाची सवय होणार नाही. लोक ती फेकून द्यायचे आणि मीही कधी अडवलं नाही. फरतडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावर मिळणाऱ्या जादा कापसाच्या, लोभानं मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवायचे. पण सगळ्या देशानं एकाच शिपायाच्या भरवशावर किल्ला सोडला होता, आणि तो शिपाई अळीच्या ओळखीचा झाला. भाव जास्त पडणं हे एकाधिकाराचं दिसणारं नुकसान. हे दुसरं नुकसान कुणाच्या बिलात छापून येत नाही.

वणीकरीण

काका, दोनदा वाचलं, रात्री मामांना फोनवर वाचूनही दाखवलं. बोंडांचं ऐकून ते गप्प झाले. त्यांच्याकडेही २०१७ ला तेच झालं होतं, मला माहीत नव्हतं. एक विचारते: पेटंट कधीतरी संपतंच ना? मग आता तरी पाकीट स्वस्त का नाही? मामा म्हणतात २०२५ च्या हंगामात ९०१ ला घेतलं.

बियाणेवाला_पांढरकवडा

बरोबर आहे ताई, बोलगार्ड-२ चं, म्हणजे पाकिटावरच्या त्या क्राय जनुकांच्या जोडीचं, पेटंट नोव्हेंबर २०१९ मध्ये संपलं. २०२० पासून ट्रेट फी शून्य आहे. त्या वर्षी पाकीट ७३० होतं, नंतर २०२५ पर्यंत दरवर्षी केंद्रानं थोडं थोडं वाढवलं. वाढ बियाणे उत्पादकांच्या खर्चापोटी आहे. संकरिताचं बियाणं फुलाफुलाला हातानं परागीकरण करून तयार होतं, आणि ती मजुरी खरंच वाढलीय. जनुक आता कुणाचंच नाही, फुकट आहे. पण अळी त्याला जुमानत नाही.

म्हणून मामांना माझ्याकडून एवढं सांगा. नवं जनुक यायचं तेव्हा येईल, आपल्या हातात आहे ते करू. फेब्रुवारी लागलाय, पऱ्हाटी अजून उभी असेल तर या आठवड्यात उपटा, फरतड घेऊ नका, पऱ्हाट्या शेताच्या बांधावर रचून ठेवू नका. अळी त्यातच उन्हाळा काढते. शेजाऱ्यांनाही तयार करा, एकट्याच्या नऊ एकरांनी भागत नाही. जूनमध्ये लवकर येणारं वाण मागा, आणि प्रत्येक पाकिटाचं बिल लॉट नंबर टाकून घ्या. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर मला कळवा, मी त्याच्याशी बोलतो.